नाल्यापलीकडचं पहिलं घर

एकाच गावात, एकाच पंधरवड्यात दोन मुलं जन्मतात. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक नाला आहे, उन्हाळ्यात लहान मूलही ओलांडेल असा. वर्षभराने गावात डांग्या खोकला शिरतो. नाल्याअलीकडच्या मुलाला टोचलेलं असतं, ते वाचतं. पलीकडच्या मुलाला टोचलेलं नसतं, ते जातं. सांगा बघू, त्याला मारलं कुणी?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. माझी उत्तरं नेहमी तयार असतात, कारण मी वाढलेच पत्रकांवर. आमच्या सोलापूरच्या चाळीत वडिलांच्या युनियनची पत्रकं इतकी उरत की माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. पाढ्यांच्या आधी मला मागण्या पाठ होत्या. म्हणून भंडारा जिल्ह्यात उतरताना मी आरोपी आधीच ठरवला होता: गावचा पाटील. प्रत्यक्षात गुन्हेगार निघाली एक यादी. त्या यादीचा पराभव मी डोळ्यांनी पाहिला. त्याचंच हे वर्णन.

सोमवार. साकोली आणि पुढे

मला बोलावलं होतं कुंदाने. कुंदा आमच्याच चाळीतली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नर्सचा कोर्स करून तीन वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात रुजू झाली. तिने पत्रात लिहिलं होतं, "आमच्या ग्रामपंचायतीने एक ठराव केला आहे. तुझ्या पत्रकांतल्या कुठल्याही ठरावापेक्षा तो लहान आहे. पण ये."

साकोलीहून एकोडीपर्यंत एसटी आणि पुढे तासभर सायकल. कुंदा पुढे, मी तिच्या मागे दुसऱ्या, मागून आणलेल्या सायकलवर. गावाचं नाव मी लिहीत नाही. कारण मजकूर वाचून तुम्ही म्हणाल, "अरेरे, तिकडे असं होतं तर," आणि पान उलटाल. ते मला नको आहे.

सोलापूरच्या माणसाला हा मुलुख आधी खोटा वाटतो. आमच्याकडे पाण्याचा टँकर दिसला की बायका धावतात. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी: तलाव, त्याहून लहान ती बोडी, आणि मधे बांध घालून चौकोन पाडलेली धानाची शेतं. एकेका चौकोनाला बांधी म्हणतात. ऐन रोवणीचे, म्हणजे लावणीचे, दिवस होते. पऱ्ह्यांचा, म्हणजे रोपांचा, तो कोवळा हिरवा रंग मी आजवर फक्त नव्या लुगड्याच्या काठात पाहिला होता. मी रंगाकडे बघत राहिले आणि सायकल बांधावरून सरळ बांधीत गेली. गुडघाभर चिखलातून मला काढताना एक म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, "रस्ता तिकडं हाय, बाई."

रात्रीच्या जेवणात भात, आणि त्याच्यासोबत वास्ते. म्हणजे कळकाचे कोवळे कोंब, बारीक चिरून, शिजवून केलेली भाजी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली मी "भाकरी?" असं विचारून बसले. कुंदाने तांदळाची भाकरी पुढे केली आणि म्हणाली, "इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि भाकरी हवी असेल तर तीही भाताचीच." वास्ते मी तीनदा वाढून घेतले.

जेवताना तिने ठरावाची हकिकत सांगितली.

गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने एक नंबर असतो. आरोग्य खात्याचं सगळं काम त्या नंबराने चालतं. नंबर एक सरपंचांचं घर. त्यांच्या वडिलांच्या काळापासून एक. तिथून यादी गावातून फिरत फिरत नाल्यापलीकडच्या टोलीत संपते. टोलीत मजुरांची घरं. कुठलंही काम एक नंबरपासून सुरू व्हायचं. फवारणी निघाली की औषध टोलीच्या अलीकडे संपायचं. टोचणीची लस बर्फाच्या डब्यात यायची, दुपारपर्यंत बर्फ विरघळायचा, आणि खात्याचे साहेब म्हणायचे, उरलेले पुढच्या खेपेला. पुढची खेप पुन्हा एक नंबरपासून. कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. कागदोपत्री सगळं रीतसर होतं. आणि गेल्या वर्षी डांग्या खोकल्याने तीन मुलं गेली, ती तिन्ही टोलीतली.

मी ताटावरच मूठ आपटली. कुंदा म्हणाली, "थांब. पुढचं ऐक. मूठ वाया जाईल."

मंगळवार. ग्रामपंचायत

ग्रामपंचायतीत एक बाई सदस्य स्वीकृत करून घ्यावी लागते. ती कधी सभेला येत नसे. शिपाई रजिस्टर घरी नेऊन अंगठा घेऊन येई. दोन वर्षांपूर्वी ही जागा टोलीतल्या भागरताबाईंना दिली, कारण त्या शिकलेल्या नव्हत्या आणि काही विचारणार नाहीत असं सर्वांना वाटलं. भागरताबाई रोवणीच्या बायकांच्या टोळीच्या म्होरक्या. टोळी कुणाच्या बांधीत किती दिवस जाईल हे त्या ठरवतात. अशी बाई काही विचारणार नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी रोवणी कधी जवळून पाहिली नसावी.

तीन मुलांतली एक त्यांची नात होती. त्यानंतर शिपाई रजिस्टर घेऊन आला तेव्हा त्यांनी अंगठा दिला नाही. म्हणाल्या, आधी वाचून दाखव. मग सभेला येऊन बसल्या. आणि पुढच्या तीन सभांत त्यांनी एकच मागणी धरली: नंबर टोलीकडून घाला. टोलीतलं पहिलं घर एक, सरपंचांचं घर शेवटचं.

मंगळवारी मी सरपंचांना भेटले. सगळे त्यांना बापूजी म्हणतात. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि कपाळाला हात लावून कबूल केलं की पहिल्या सभेत त्यांनी विरोध केला होता. नंबर उलटे केले तर सगळे कागद उलटे होतील, असं त्यांचं म्हणणं. मग भागरताबाईंनी सभेत त्यांना काय विचारलं, ते त्यांनीच मला सांगितलं.

"मले म्हणे, बापूजी, तुमच्या घरी पंगत बसते तवा आधी कोणाले वाढता? म्हटलं, पाहुण्याले. तं म्हणे, आमी पन्नास वर्सांपासून या गावात पाहुणेच हावो. वाढा मंग."

बापूजी हसले, पण बोलताना त्यांची नजर बशीतच होती. ठराव एकमताने झाला. पंचायत समितीच्या मासिक सभेतही मंजूर झाला. नव्या क्रमाने पहिलं लसीकरण गुरुवारी होतं.

दुपारी आरोग्य सेवक टेंभुर्णे गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन टोलीत शिरले. सडपातळ, गंभीर, शाई सांडू नये म्हणून खिशावर रुमाल बांधणारा माणूस. नाल्याकडून पहिल्या झोपडीवर त्यांनी मोठा, सुबक एक काढला. टोली बघायला जमली होती. एका म्हातारीने तो आकडा बोटाने हवेत गिरवून पाहिला. संध्याकाळपर्यंत टोलीतल्या आणि मग गावातल्याही सगळ्या भिंतींवर नवे नंबर आले.

बुधवार. बांधीत

बुधवारी मी रोवणीला गेले, हे सांगण्यासारखं आहे कारण टोलीतल्या बायका अजून त्यावर हसत असतील. रोवणी मागे मागे सरकत करतात. वाकायचं, पऱ्हा चिखलात खोचायचा, एक पाऊल मागे. माझी ओळ अशी वाकडी गेली की शेजारची विशीतली पोर म्हणाली, "ताई, तुमचं धान सोलापूरले जाऊन राहिलं."

दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी पेज घेतली. पेज म्हणजे भाताची पातळ, कोमट कांजी, सोबत मीठ-मिरची. तेव्हा मला एक गोष्ट कळली. रोवणीच्या ओळीला पात म्हणतात आणि पातीत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. जी घराची शेजारीण, तीच बांधीतली शेजारीण. एखादीला लेकराला पाजायला जावं लागलं तर तिच्या बाजूची तिची ओळही लावते, आणि संध्याकाळी तिच्या घरचं चुलीवरचंही बघते. म्हणून पातीत जागा कुणी बदलत नाही. मला मात्र कुणाचीही शेजारीण नसल्याने शेवटी टाकलं होतं.

संध्याकाळी आम्ही टोलीत परतलो तर एकच लगबग. बायका टोपल्यांतून पांढरी माती कालवत होत्या. उद्या नर्सबाई, मोठे साहेब, सगळे टोचणीसाठी पहिल्यांदा टोलीत येणार. तेही आधी टोलीत. मग भिंती अशा ओलीने डागाळलेल्या कशा ठेवायच्या? घरं पोतारायला निघाली. माझे हात उत्साहाने शिवशिवत होते. मीही एक बोळा घेतला आणि नाल्याकडच्या पहिल्या घराची भिंत, वळचणीखालून खालपर्यंत, अगदी मन लावून पांढरी केली.

हो, नंबरासकट.

तुम्ही म्हणाल, तुला दिसला नाही? दिसला. हात त्याच्यावरून गेला तेव्हा गेरू पांढऱ्यात मिसळून सुंदर गुलाबी झाला, हेही दिसलं. पण पाहुण्यासाठी भिंत सारवताना कालचे डाग पुसायचे असतात, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. माझ्याच नाही, सगळ्या टोलीच्या. दिवेलागणीपर्यंत एकाही भिंतीवर नंबर उरला नव्हता आणि सगळी टोली लग्नघरासारखी उजळ दिसत होती.

गुरुवार. टोली

सकाळी सातला जीप नाल्याच्या अलीकडे थांबली. पर्यवेक्षक साहेब बर्फाचा डबा स्वतःच्या हातात धरून पाण्यातून आले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. कुंदाने स्टोव्ह पेटवून सुया उकळत ठेवल्या. टेंभुर्णे यादी घेऊन पहिल्या घराशी गेले आणि तिथेच थिजले.

साहेबांनी भिंत पाहिली. दुसरी पाहिली. मग टेंभुर्ण्यांच्या हातातली यादी मिटली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कार्डावर घराचा नंबर लिहायचा, तो भिंतीवरच्या नंबराशी ताडायचा, तेव्हाच खूण करायची. भिंतीवर नंबर नाही तर घर नाही. गावातल्या भिंतींवर नंबर शाबूत आहेत, तर आधी गाव करून घेऊ. तोवर टेंभुर्णे इथे नंबर घालतील. दुपारी परत येऊ.

टेंभुर्ण्यांनी कुंचला लावून पाहिला. ओल्या मातीवर गेरू धरेना. एकाचा आकडा ओघळून खाली पायापर्यंत गेला.

दुपार म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. दुपारी बर्फाचं पाणी झालेलं असतं. दुपारी बायका बांधीत असतात. दुपार म्हणजे पुढची खेप. आणि अजून अर्धा पावसाळा बाकी होता, शेजारच्या गावात खोकला सुरू झाल्याची बातमी कुंदाने कालच आणली होती.

मी पुढे झाले. समता, हक्क, शोषण, जे जे मला येत होतं ते सगळं साहेबांच्या तोंडावर फेकलं. आवाज चढला. साहेबांचाही चढला. तेवढ्यात माझ्या दंडावर एक खरखरीत, मातीने पांढरा झालेला हात आला.

"ताई," भागरताबाई म्हणाल्या, "भाषण मागून करजो. बर्फ वितळून राहिला."

मग त्यांनी टोलीकडे तोंड करून, बांधीत देतात तशी एकच हाक दिली. पात धरा.

काय होतंय ते मला क्षणभर समजलं नाही. घराघरांतून बायका निघाल्या. कुणी विचारलं नाही, कुणी ढकललं नाही. अंगणापुढच्या सपाट जागेत ओळ उभी राहिली, जशी ती दररोज गुडघाभर पाण्यात उभी राहते, शेजारणीशेजारी शेजारीण. फक्त आज हातात पऱ्ह्यांच्या जुड्या नव्हत्या. कडेवर मुलं होती.

"भिंतीवरचा नंबर पुसला जी, साहेब," भागरताबाई म्हणाल्या. "हे आमच्याच हातानं झालं, चूक आमची. पण बाईचा नंबर कोणी पुसला नाई. तुमी यादी वाचा."

साहेब टेंभुर्ण्यांकडे पाहू लागले. टेंभुर्ण्यांनी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, हुकुमाची वाट न बघता यादी उघडली आणि एक नंबरचं नाव वाचलं. ओळीतली पहिली बाई म्हणाली, "मी." दोन नंबर. दुसरी बाई. तीन. तिसरी. टेंभुर्ण्यांचा आवाज प्रत्येक नावागणिक मोठा होत गेला. मंगळवारी ते नाल्याकडून घरोघर ज्या क्रमाने गेले होते, त्याच क्रमाने पात उभी होती. असणारच होती. एकही नाव मागेपुढे झालं नाही.

नऊ नंबरला यादी थांबली. ओळीत बाई होती, पण कडेवर मूल नव्हतं. लुगड्याचा पदर पोटावरून ओढून ती मान खाली घालून उभी होती. साहेबांनी विचारलं, हिचं मूल कुठे आहे.

"माही सून हाय," भागरताबाई म्हणाल्या. "पोरगी मागच्या साली गेली, खोकल्यानं. जागा तिची हाय म्हणून उभी हाय."

मग कुंदा सुनेजवळ गेली, पदराकडे पाहिलं आणि यादीत डोकं न घालता टेंभुर्ण्यांना म्हणाली, "नऊ नंबरला लिहा. गरोदर, सातवा. धनुर्वाताची सुई. या घरात दोन जिवांना टोचायचं आहे."

सुनेने मान वर केली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि यादी टेंभुर्ण्यांच्या हातातून स्वतःकडे घेतली. मला वाटलं, मिटणार. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एक नंबरपुढे खूण केली.

पुढचे दोन तास मी जे ऐकलं, तेवढं गोड रडं मी कधी ऐकलेलं नाही. मुलं एकामागून एक किंचाळत होती आणि आया हसत होत्या. एका पोराने कुंदाच्या हाताचा चावा घेतला. त्याच्या आईने त्याला धपाटा घातला आणि कुंदाला विचारलं, आता तुम्हाला सुई द्यावी लागेल का. सगळी पात हसली. साहेबसुद्धा. मला काम मिळालं ते कार्डं वाळवण्याचं, आणि कालच्या माझ्या सारवणकामानंतर मला एवढंच द्यावं हे बरोबरच होतं.

शेवटचं मूल टोचून झालं आणि डब्यात अजून बर्फ होता. चांगला मोठा खडा.

तेव्हा नाल्याच्या पाण्यातून कुणीतरी घाईने येताना दिसलं. लुगडं गुडघ्यापर्यंत धरलेलं, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. सरपंचांची सून. धापा टाकत आली. आमचा नंबर आता सगळ्यांत मागं गेला, गावात पोचेपर्यंत बर्फ राहतो का नाही याची धास्ती वाटली, म्हणून आधीच घेऊन आले, असं तिने सांगितलं.

मी तिच्याकडे बघत राहिले. बर्फ संपेल ही भीती टोलीत पिढीभर राहत होती. त्या भीतीने त्या दिवशी पहिल्यांदा नाला ओलांडला आणि ती सरपंचांच्या घरी गेली. मला सांगायला लाज वाटते की माझ्या ओठांवर एक टोमणा आलाच होता. पण भागरताबाई आधी बोलल्या.

"ये वो माय. पातीच्या शेवटी उभी राय. बर्फ हाय, भेऊ नको."

आणि सरपंचांची सून टोलीतल्या बायकांच्या ओळीत, शेवटच्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्या शेवटच्या बाईने सवयीने हात पुढे केला, बाळ आपल्या कडेवर घेतलं आणि तिला लुगडं पिळायला मोकळं केलं.

परतल्यावर

शुक्रवारी मी निघाले. वाटेत पवनीला एक दिवस थांबले. जुन्या स्तूपाच्या विटा पाहिल्या, वैनगंगेत पाय सोडून बसले, भजी खाल्ली आणि पोट बिघडवून घेतलं. त्याचं वर्णन वाचण्यात कुणाला गोडी नसेल.

टेंभुर्ण्यांचं पत्र महिन्याभरापूर्वी आलं. अक्षर भिंतीवरच्या आकड्यांइतकंच सुबक. दुसरा आणि तिसरा डोस त्याच क्रमाने झाला. दोन्ही वेळा बर्फ सगळ्या गावाला पुरला, कारण सकाळी सातला टोलीतून सुरुवात केली की बायका कामावर जायच्या आत अर्धं काम संपतं, आणि अलीकडची माणसं घरीच असतात. म्हणजे जुना क्रम नुसता अन्यायाचा नव्हता, तो मूर्खपणाचाही होता. शेजारच्या गावातला खोकला पावसाळ्याअखेर इथेही आला. टोलीतल्या मुलांना ठसका लागला, खोकली, बरी झाली. एकही गेलं नाही. नऊ नंबरला मुलगी झाली आहे. पंचायत समितीने तालुक्यातल्या इतर गावांनाही हाच क्रम लावायला सांगितलं आहे. आणि बापूजी हल्ली पाहुण्यांना अभिमानाने सांगतात की गावात सगळ्यांत शेवटचं घर त्यांचं.

मला पत्रकांची लाज वाटत नाही. उद्या पुन्हा वाटायला उभी राहीन. पण त्या गुरुवारी मला कळलं की सगळं पत्रक वाचून होईपर्यंत बर्फ थांबत नाही. एका अंगठा न देणाऱ्या बाईने, एका साध्या ग्रामपंचायतीत, यादीचं दुसरं टोक धरलं आणि एवढी मुलं जगली.

म्हणून वाचकहो, हे मासिक बाजूला ठेवून एक काम करा. येत्या सोमवारी तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. टोचणीची, फवारणीची, पाण्यात औषध टाकण्याची यादी मागा. ती पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. नाही म्हणाले तर बसून राहा. यादी हातात आली की शेवटचं पान उघडा, त्यावरची नावं लिहून घ्या, आणि त्या घरांत स्वतः जाऊन विचारा की मागची खेप त्यांच्यापर्यंत आली होती का. आली नसेल, तर त्या घरातल्या एका बाईला बरोबर घ्या आणि पुढच्या सभेला जा. बोलायचं तिने. तुम्ही फक्त तिच्या शेजारी उभं राहायचं, आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय तिला अंगठा देऊ द्यायचा नाही.